चाराचा नंबर साताला

शेवरलेच्या जुन्या व्ही-८ (दोन रांगांत आठ सिलिंडरच्या) इंजिनाचं रेसिंगसाठी कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, मागवायचं असेल, तर अमेरिकेत एक गोष्ट आधी ठरवावी लागते: साधं कॅमशाफ्ट घ्यायचं की चार-सात बदललेलं? दुसरं घेतलं, तर इंजिन बांधताना स्पार्क प्लगच्या दोन वायर एकमेकींच्या जागी लावायच्या. पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणारं क्रँकशाफ्ट तेच, पिस्टन तेच, ब्लॉक तोच. तरीही सिलिंडर पेटण्याचा क्रम, म्हणजे फायरिंग ऑर्डर, बदलते. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ते अशक्यच वाटलं होतं, कारण क्रम क्रँकशाफ्टच ठरवतो अशी माझी समजूत होती. ती अर्धीच खरी होती. उरलेलं अर्धं कॅमशाफ्टच्या हातात असतं.

आपल्याकडे आयटीआयत किंवा डिप्लोमाला गेलेल्या कुणालाही विचारा, "एक-तीन-चार-दोन" हे पाढ्यासारखं पाठ असतं. प्रीमियर पद्मिनीपासून आजच्या बहुतेक चार सिलिंडरच्या गाड्यांपर्यंत हाच क्रम. पण एकानंतर तीनच का, दोन का नाही, हे फारसं कुणी विचारत नाही. म्हणून आधी तिथून सुरुवात करू.

फोर-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरचं एक आवर्तन पूर्ण व्हायला क्रँकशाफ्टचे दोन फेरे, म्हणजे ७२० अंश लागतात. त्या दोन फेऱ्यांत पिस्टन दोनदा वरच्या टोकाला येतो. एकदा हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबून, तेव्हा ठिणगी पडते. दुसऱ्यांदा जळलेला धूर बाहेर ढकलून, तेव्हा ठिणगीचं काही काम नसतं. पिस्टनच्या हालचालीत या दोन्ही वेळा अगदी सारख्या दिसतात. त्यातली दाबायची कोणती आणि ढकलायची कोणती, हे क्रँकशाफ्टला माहीतच नसतं. ते ठरवतात व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्ह उघडतं कॅमशाफ्ट, जे क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतं.

चार सिलिंडरच्या इंजिनात एक आणि चार नंबरचे पिस्टन बरोबरीने वर येतात, दोन आणि तीनही बरोबरीने. एक पेटला की अर्ध्या फेऱ्याने दोन आणि तीन एकाच वेळी वर पोचतात. त्यांतला कुणी पेटायचा? ज्याचे दोन्ही व्हॉल्व्ह कॅमने त्या वेळी बंद ठेवले असतील तो. तीन असेल तर १-३-४-२, दोन असेल तर १-२-४-३. दुसरा क्रमही प्रत्यक्षात वापरला गेला आहे. फॉर्म्युला फोर्ड शर्यतींत वर्षानुवर्षं धावलेलं फोर्डचं केंट इंजिन १-२-४-३ याच क्रमाने पेटतं.

अशा, एकाच वेळी वर येणाऱ्या पण एक फेरा मागेपुढे पेटणाऱ्या दोन सिलिंडरांना या लेखात जोडीदार म्हणू. पुढचं सगळं याच जोडीदारांवर उभं आहे.

आता व्ही-८ कडे. शेवरलेचं स्मॉल-ब्लॉक इंजिन १९५५ च्या मॉडेलबरोबर आलं, ४.३ लिटरचं. स्टॉक कार असो, ड्रॅग रेस असो, की गल्लीतल्या पोरांनी घरच्या गॅरेजात बांधलेली गाडी असो, अमेरिकन रेसिंगचा मोठा भाग या इंजिनावर उभा राहिला. त्याच्या सिलिंडरांचे नंबर असे: गाडीत पुढे तोंड करून बसलं, तर डाव्या रांगेत पुढून मागे १, ३, ५, ७ आणि उजव्या रांगेत २, ४, ६, ८. समोरासमोरचे दोन सिलिंडर क्रँकच्या एकाच पिनवर, म्हणजे पिस्टनचे रॉड जिथे बसतात त्या खुंटावर, जोडलेले: एक-दोन पहिल्या पिनवर, तीन-चार दुसऱ्या, पाच-सहा तिसऱ्या आणि सात-आठ चौथ्या. पुढून पाहिलं तर या चार पिना अधिकच्या चिन्हासारख्या चार दिशांना असतात. दर ९० अंशांना एक सिलिंडर पेटतो.

मूळ क्रम १-८-४-३-६-५-७-२. तो मधोमध मोडून दोन ओळींत लिहा. वर १-८-४-३, खाली ६-५-७-२. वरखाली आलेले आकडे म्हणजे जोडीदार: एक आणि सहा, आठ आणि पाच, चार आणि सात, तीन आणि दोन. या प्रत्येक जोडीतले दोन्ही पिस्टन एकाच क्षणी वर येतात. म्हणून चाराचा नंबर साताला आणि साताचा चाराला दिला, तर क्रँकशाफ्टला काहीच फरक पडत नाही. कॅमशाफ्टवर मात्र चार आणि सात या सिलिंडरांचे व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश, फिरवून घडवावे लागतात. असलेलं कॅम पुन्हा घासून हे साधत नाही, कारण घासायला तिथे धातूच नसतो. त्यासाठी मुळापासून वेगळं कॅम घ्यावं लागतं. ते बसवलं की क्रम होतो १-८-७-३-६-५-४-२. रेसिंगवाले याला चार-सात स्वॅप म्हणतात.

कसं होतं हे झालं. पण का करायचं?

मूळ क्रमात एक खोट आहे. पाचनंतर लगेच सात पेटतो. हे दोघे डाव्या रांगेत मागच्या बाजूला अगदी शेजारी आहेत. ९००० आरपीएमला क्रँक सेकंदाला १५० फेरे घेतो आणि आठ सिलिंडर मिळून सेकंदाला ६०० वेळा पेटतात. म्हणजे पाच आणि सात यांच्यात जेमतेम दीड-पावणेदोन मिलिसेकंदांचं अंतर.

यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारं स्पष्टीकरण उष्णतेचं आहे: शेजारी लागोपाठ पेटतात, मधली भिंत तापते. मला ते एकट्याने पटत नाही. एका आवर्तनात प्रत्येक सिलिंडर एकदाच पेटतो, मग क्रम कोणताही असो. मिलिसेकंदांच्या मागेपुढे होण्याने लोखंडाचं सरासरी तापमान कितीसं बदलणार? माझ्या मते खरी गोष्ट श्वासाची आहे. स्मॉल-ब्लॉकच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात, व्हॉल्व्हची मांडणी अशी की पाच आणि सात यांचे इनटेक पोर्ट, म्हणजे मिश्रण आत यायच्या वाटा, एकमेकांना खेटून आहेत. रेसिंग कॅममध्ये इनटेक व्हॉल्व्ह क्रँकच्या ९० अंशांहून कितीतरी जास्त काळ उघडा असतो. त्यामुळे पाच अजून मिश्रण ओढत असतानाच शेजारी सातही ओढायला लागतो. वर एकच कार्ब्युरेटर आणि मिश्रण वाटणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये सगळ्यांची मिळून एकच पोकळी. सकाळी एकाच पाइपवरच्या दोन शेजारच्या नळांना धार कशी कमी येते, तसंच. दोघांपैकी एकाला पेट्रोल कमी पोचलं, तर त्याचं मिश्रण पातळ होतं, ते अवेळी भडकतं आणि पिस्टनला मार बसतो.

आता याला जागेची जोड द्या. पाण्याचा पंप इंजिनाच्या पुढच्या तोंडाला. गार पाणी आधी पुढच्या सिलिंडरांना भेटतं, मागे पोचेपर्यंत तापलेलं असतं. म्हणजे ज्यांना श्वास सर्वांत वाईट मिळतो, त्यांनाच पाणीही सर्वांत गरम. पाच आणि सात यांच्याकडे चूक सोसायला जागाच उरत नाही. अनेक बांधणारे मागच्या टोकाकडून पाण्याची वेगळी नळी पुढे आणतात, किंवा कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, तेवढ्या कोपऱ्यासाठी वेगळा ठेवतात. त्यामागे हेच कारण.

चार-सात बदलल्यावर काय होतं ते कागदावर मांडून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे. १-८-७-३-६-५-४-२. डाव्या रांगेत सातनंतर तीन लागोपाठ, पण ते शेजारी नाहीत, मध्ये पाच आहे. उजव्या रांगेत चारनंतर दोन लागोपाठ, आणि हे शेजारी आहेत. म्हणजे खोट गेली नाही. ती मागच्या डाव्या कोपऱ्यातून उठून पुढच्या उजव्या कोपऱ्यात, गार पाण्याच्या तोंडाशी, जाऊन बसली.

हे पाहिल्यावर मला पुढचा प्रश्न गप्प बसू देईना. अजून एखादी जोडी बदलली तर खोट पूर्णच जाईल का? जोड्या चार. एक नंबरला कायम पहिला ठेवला, तर उरलेल्या तीन जोड्यांत प्रत्येकी दोन पर्याय, म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन, एकूण आठ क्रम. या क्रँकवर नववा क्रम नाहीच. आठही मांडले. त्यातले चार क्रम पाहताक्षणी बाद होतात, कारण त्यात एका रांगेतले चारही सिलिंडर लागोपाठ पेटतात आणि मग दुसऱ्या रांगेतले चार. उदाहरणार्थ १-५-७-३-६-८-४-२. एका बाजूच्या चारही सिलिंडरांनी एकामागून एक श्वास घ्यायचा आणि धूर सोडायचा, मग दुसऱ्या बाजूने. असं इंजिन मुद्दाम कुणी बांधणार नाही.

उरलेल्या चार क्रमांत प्रत्येकात बरोबर एक शेजारची जोडी लागोपाठ पेटते. मूळ क्रमात मागे डावीकडे पाच-सात. चार-सात बदलल्यावर पुढे उजवीकडे चार-दोन. १-८-७-२-६-५-४-३ या क्रमात पुढे डावीकडे तीन-एक. आणि १-५-४-३-६-८-७-२ मध्ये मागे उजवीकडे सहा-आठ. चार क्रम, चार कोपरे. शेजाऱ्यांची जोडी नसलेला क्रम या क्रँकवर मिळतच नाही. इंजिन बांधणाऱ्याच्या हातात एवढंच आहे की ती कोणत्या कोपऱ्यात बसवायची. फायरिंग ऑर्डरवरच्या चर्चेत "हा क्रम उत्तम, तो वाईट" असं ठासून सांगितलेलं मी पुष्कळ वाचलंय, पण हा साधा हिशेब त्यात फारच क्वचित दिसतो.

वरचा तिसरा क्रम, १-८-७-२-६-५-४-३, ओळखीचा वाटला असेल तर बरोबरच आहे. जनरल मोटर्सने १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये एलएस-१ हे नवं इंजिन आणलं, त्याचा हाच क्रम. चार-सात तर बदललेच, शिवाय तीन-दोनही. एलएसच्या हेडमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट पोर्ट एकाआड एक आहेत, त्यामुळे पुढच्या कोपऱ्यातल्या एक आणि तीन यांचे इनटेक खेटून येत नाहीत. शिवाय प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा इंजेक्टर, पेट्रोलची वाटणी मॅनिफोल्डच्या भरवशावर नाही. खोट पुढे नेली आणि तिथे तिचं विषही कमी केलं.

गंमत म्हणजे फोर्डने हेच २८ वर्षं आधी केलं होतं, फक्त त्यांचे नंबर वेगळे असल्याने ते चटकन दिसत नाही. फोर्ड उजव्या रांगेला पुढून मागे १, २, ३, ४ म्हणतं आणि डाव्या रांगेला ५, ६, ७, ८. त्यांच्या २८९ आणि ३०२ क्युबिक इंचांच्या जुन्या इंजिनांचा क्रम १-५-४-२-६-३-७-८. या आकड्यांच्या जागी शेवरलेचे नंबर घाला, म्हणजे फोर्डच्या एकाला दोन, दोनाला चार, पाचाला एक, असं करत गेलं की हाती येतं तेच १-८-४-३-६-५-७-२. कागदावर दोन कंपन्या वेगळ्या, लोखंडात क्रम एकच. मग १९६९ मध्ये ३५१ विंडसर आलं, क्रम १-३-७-२-६-५-४-८. त्याचंही भाषांतर करा: १-८-७-२-६-५-४-३. म्हणजे एलएसचाच क्रम! १९८२ च्या मस्टँगमधल्या जास्त ताकदीच्या ३०२ लाही फोर्डने हाच क्रम दिला.

तिथून एक जुनी डोकेदुखी सुरू झाली. जुन्या ३०२ मध्ये नव्या ३०२ चं कॅमशाफ्ट सहज बसतं. बसवलं, पण वायर जुन्याच क्रमाने ठेवल्या, तर आठांपैकी चार सिलिंडरांना चुकीच्या फेऱ्यात ठिणगी मिळते. पिस्टन वर आलेला असतो, पण धूर ढकलून. इनटेक व्हॉल्व्ह नुकताच उघडू लागलेला. अशा वेळी पडलेली ठिणगी मॅनिफोल्डमधलं मिश्रण पेटवू शकते आणि कार्ब्युरेटरमधून भडका बाहेर येतो. चार-सात बदललेल्या शेवरलेतही हेच, फक्त दोन सिलिंडरांपुरतं. वायरींना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर बिचारा नुसता फिरत असतो. ठिणगी कॅमच्या मागे जायला हवी, ती जबाबदारी वायर लावणाऱ्याची. एक अपवाद मात्र लक्षात ठेवण्यासारखा: काही इंजिनांत एकच कॉइल दोन्ही जोडीदारांना एकदम ठिणगी देते, त्यातली एक कामी येते आणि दुसरी वाया जाते. तिथे जोडीदारांची अदलाबदल केली तरी वायरला हातही लावावा लागत नाही.

कार्ब्युरेटरऐवजी सिलिंडरागणिक इंजेक्शन असेल, तर कॉम्प्युटरमधला क्रमही बदलायचा. एक्झॉस्टचं काम मात्र जास्त नाजूक आहे. एका रांगेतल्या चार सिलिंडरांच्या स्फोटांमधली अंतरं मूळ क्रमात २७०, १८०, ९० आणि १८० अंश अशी असतात. अमेरिकन व्ही-८ ची जी घुमणारी, अडखळत येणारी गुरगुर आपण सिनेमांत ऐकतो, ती या विषम अंतरांची. चार-सात बदलल्यावरही अंतरांचा क्रम हाच राहतो, तेव्हा आवाज बदलल्याचं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही. पण ९० अंशांच्या फरकाने धूर सोडणारे सिलिंडर कोणते, हे बदलतं: आधी डावीकडे पाच-सात, आता सात-तीन. ज्या हेडरमध्ये, म्हणजे धुराच्या नळ्यांच्या जुडग्यात, आधी दोन-दोन नळ्या एकत्र येतात आणि मग दोनाची एक होते, तिथे जोड्या नव्याने लावाव्या लागतात. नाहीतर एकाचा धूर दुसऱ्याच्या वाटेत उभा.

क्रँकवरच्या भाराचंही असंच स्थलांतर होतं. मूळ क्रमात सहा, पाच, सात हे तीन धक्के एकापाठोपाठ तिसऱ्या आणि चौथ्या पिनवर बसतात आणि त्या दोन पिनांमधलं, क्रँकला धरून ठेवणारं चौथं मेन बेअरिंग सोसतं. बदललेल्या क्रमात चार, दोन, एक असे तीन धक्के पुढच्या दोन पिनांवर, म्हणजे दुसऱ्या बेअरिंगकडे जातात.

कॅमशाफ्टचा स्वतःचा पीळ हा विषय मात्र रेसिंगबाहेर कुणाच्या ध्यानात येत नाही. रेसिंगच्या व्हॉल्व्ह स्प्रिंग पूर्ण दाबल्या की दोनशे ते चारशे किलोंचा जोर लावतात. उंचवटा चढताना स्प्रिंग कॅमला मागे रेटते, उतरताना पुढे ढकलते. असे सोळा उंचवटे, आणि कॅम फिरवणारी चेन किंवा पट्टा फक्त पुढच्या टोकाला. मागचं टोक, जिथे सात आणि आठचे उंचवटे आहेत, पिळवटून क्षणभर मागे-पुढे होतं. मग मागच्या सिलिंडरांचे व्हॉल्व्ह ठरलेल्या वेळी उघडतच नाहीत. कोणते उंचवटे कोणत्या क्रमाने कॅमला रेटतात, हे फायरिंग ऑर्डरवर ठरतं. म्हणून ती बदलली की हा पीळही बदलतो. तो कमी करण्यासाठी कॅमच जाड करतात: शेवरलेचं मूळ कॅम बेअरिंगपाशी साधारण ४७.५ मिलिमीटर, रेसिंगची ५०, ५५ आणि ६० मिलिमीटरची.

एवढं सगळं करून ताकद किती वाढते? थोडीच. काही इंजिनांत मोजण्याच्या यंत्रावर ती दिसतही नाही. पण पाचशे मैलांच्या शर्यतीत मागच्या कोपऱ्यातला एक पिस्टन वाचला, तर त्याची किंमत अश्वशक्तीत मोजता येत नाही.

एका फेऱ्याची ही युक्ती व्ही-८ पुरती नाही. अमेरिकेत मातीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या हार्ले-डेव्हिडसनच्या दोन सिलिंडरांत ४५ अंशांचा कोन असतो आणि दोन्ही रॉड एकाच पिनवर. ती साधारणपणे ३१५ आणि ४०५ अंशांच्या अंतराने पेटते. एका सिलिंडरचं कॅम आणि ठिणगी एक फेरा सरकवली, की अंतर होतं ४५ आणि ६७५ अंश. दोन स्फोट जवळजवळ एकत्र, मग लांबलचक विश्रांती. एकाच मोठ्या सिलिंडरसारखी ती गाडी चालते, म्हणून तिला ट्विंगल म्हणतात. कल्पना अशी की त्या विश्रांतीत मागच्या चाकाला सुटलेली माती पुन्हा पकडायला उसंत मिळते.

याच विचाराने होंडाने १९९२ मध्ये एनएसआर-५०० या टू-स्ट्रोक रेसिंग मोटारसायकलचे स्फोट जवळजवळ आणले आणि यामाहाने २००४ मध्ये व्हॅलेंतिनो रॉस्सीच्या एम-१ या रेसिंग मोटारसायकलला वेगळा क्रँक दिला. आपल्या रस्त्यांवरच्या रॉयल एनफिल्डच्या ६५० सीसी इंटरसेप्टरचा आवाजही २७० अंशांच्या क्रँकचा. पण ही सगळी क्रँकची कामं आहेत. तिथे पिस्टन वर येण्याची वेळच बदलते, नुसत्या कॅमने ते होत नाही. टू-स्ट्रोकमध्ये तर पिस्टन दर फेऱ्याला पेटतो, जोडीदाराशी अदलाबदल करायला दुसरा फेराच नसतो.

शेवटी एक कामाची गोष्ट. जुनं, कुणीतरी आधी बांधलेलं स्मॉल-ब्लॉक हाती आलं आणि आत कोणतं कॅम आहे हे माहीत नसेल, तर इंजिन उघडायची गरज नाही. सगळे प्लग काढा. एक नंबरच्या भोकावर अंगठा ठेवून क्रँक पान्याने हळू फिरवा. अंगठा रेटला जाऊन पिस्टन वर आला, की तिथे थांबा. आता एका अंगठ्याने चाराचं आणि दुसऱ्याने साताचं भोक झाका आणि सोबत्याला क्रँक आणखी अर्धा फेरा फिरवायला सांगा. डावीकडे सातचा अंगठा उडाला, तर कॅम बदललेलं आहे. मग याच रीतीने दोन आणि तीन तपासा, अर्धा नाही तर पाऊण फेऱ्यावर. तिथे दोनाने रेटा दिला तर एलएसचा क्रम, तीनाने दिला तर नुसता चार-सात. त्यानंतरच वायर लावायला घ्या.